उघडलेलं बॉनेट

सफारीची गाडी सुरू करण्यापूर्वी नन्यारो पाहुण्यांना जे नेहमी सांगत असे, तेच त्याने आजही सांगितलं. "धूळ नक्की मिळेल. पाठ नक्की दुखेल. जनावरांचं मात्र मी काही सांगत नाही. आपण येणार हे त्यांना कुणी कळवलेलं नसतं."

नॉर्वेहून आलेल्या सिगरून बाई हसल्या. त्यांचे पती ओड यांनी दुर्बिणीचा पट्टा गळ्यात अडकवला. सेरेंगेटीतली त्यांची ही शेवटची सकाळ होती आणि चित्ता अजून दिसायचा राहिला होता.

नन्यारोचं मन थाऱ्यावर नव्हतं. काल एका पिल्लं असलेल्या चित्तिणीने दोनदा दबा धरला होता आणि दोन्ही वेळा गाड्या तिच्या आणि हरणांच्या मध्ये घुसल्या होत्या. पिल्लांची पोटं पाठीला लागलेली त्याने स्वतः पाहिली होती. चित्त्याचं सगळं जगणं त्याच्या धावेवर. उपास पडला की धाव मंदावते, आणि धाव मंदावली की पुढची शिकारही हातची जाते. आज तिला खायला मिळालं नाही, तर पिल्लांचं काही खरं नव्हतं.

रेडिओवर चालकांची गडबड चालू होती. पाहुण्यांना कळू नये म्हणून जनावरांची नावं कुणी सरळ घेत नसे. झाडावर बसणारा बिबट्या म्हणजे 'वरचे ठिपके' आणि गवतातला चित्ता म्हणजे 'खालचे ठिपके', ही बोली साऱ्या चालकांच्या अंगवळणी पडलेली होती.

"कुणाला खालचे ठिपके दिसले का रे?" हा गिडिओनचा आवाज, नन्यारोच्या बायकोचा धाकटा भाऊ. "माझे पाहुणे कालपासून माझं डोकं खातायत."

"तुझ्या डोक्यात खाण्यासारखं काय आहे?" किमारो नावाचा दुसरा चालक म्हणाला, आणि दोन-तीन गाड्यांतून हसणं ऐकू आलं.

त्याच क्षणी नन्यारोला ती दिसली. चाकोरीच्या डाव्या अंगाला, वारुळापलीकडे, गवताच्या रंगात मिसळलेली पाठ. तिच्यापुढे बऱ्याच अंतरावर हरणांचा कळप चरत होता. पिल्लं वारुळाच्या सावलीत एकमेकांवर रेलून पडली होती. त्याने हलकेच ब्रेक दाबला आणि इंजिन बंद केलं.

"बोलू नका," तो मागे न वळता कुजबुजला. "डावीकडे. वारूळ. हात बाहेर काढू नका."

सिगरून बाईंचा श्वास अडकल्याचं त्याला ऐकू आलं. पण त्याची नजर रेडिओवर होती. जे दिसलं ते सांगायचं, हा या धंद्याचा पहिला नियम. गिडिओनने आजवर त्याला कित्येकदा जनावर दाखवलं होतं. आज सांगितलं नाही, तर तो विश्वासघातच. सांगितलं तर गाड्यांची रांग लागणार आणि कालचाच प्रकार होणार. त्याचा हात यंत्राकडे गेला, मागे आला, पुन्हा गेला.

चित्तीण एक पाऊल पुढे सरकली आणि थिजली.

"दाजी," गिडिओन रेडिओवर म्हणाला, "टेकाडावरून तुमची गाडी उभी दिसतेय. काय सापडलं?"

मैदानात उभी गाडी म्हणजे जनावर. हे प्रत्येक चालक जाणतो. नन्यारोच्या तोंडून पटकन निघून गेलं, "काही नाही. गाडी कुरकुरतेय. तुम्ही येऊ नका, मी बघतो."

आणि ते खोटं खरं वाटावं म्हणून तो उजव्या दाराने, गाडीचा आडोसा धरून खाली उतरला आणि त्याने बॉनेट वर उचललं.

ते आडकाठीवर टेकवल्यावर त्याला आपण काय केलं ते उमगलं. उघडं बॉनेट दिसलं की कोणत्याही कंपनीच्या चालकाने मदतीला वळायचं, पाहुणे कितीही कटकट करोत. कुणीही कधी लिहून न ठेवलेली ही रीत तो स्वतः इतकी वर्षं निमूट पाळत आला होता. ती दुसऱ्यांच्याही अंगी तेवढीच मुरली असेल, हे त्याला घाईत सुचलंच नाही. त्यात 'येऊ नका' म्हटलेलं. नन्यारोसारखा भिडस्त माणूस मुद्दाम मदत नको म्हणतो, तेव्हा गाडी पार गेलेली असणार, असंच सगळे धरून चालणार होते.

पूर्वेकडे धुळीचा एक लोट उठला. मग त्याच्याशेजारी दुसरा.

"गाडी खरंच बिघडली?" सिगरून बाईंनी खिडकीतून हळूच विचारलं.

"नाही, बाई," तो म्हणाला. "बिघडवली मीच आहे."

इथे चाकोरी दोन घळींच्या मधून जात होती आणि तिच्याबाहेर चाक टाकायला उद्यानात बंदी होती. त्याची गाडी त्या अरुंद जागी वाट अडवून उभी होती. पुढे कुणी जाऊ शकणार नव्हतं, एवढीच काय ती सोय. पण आवाजाचं काय? हरणांनी माना वर केल्या. चित्तीण जमिनीला इतकी चिकटली की क्षणभर ती दिसेनाशीच झाली.

गिडिओन पहिला पोचला. त्याच्यामागे किमारो. नन्यारो दोन्ही हात खाली दाबत, पळत त्यांना सामोरा गेला. इंजिनं बंद झाली. गिडिओन पाना आणि दोरखंड घेऊन उतरला, गाडीपाशी आला, वाकला आणि त्याने पंख्याच्या पट्ट्याला बोट लावलं.

"पट्टा चांगला आहे. पाणी आहे. तारा जागच्या जागी." त्याने मान वर केली. "दाजी, हिला काय झालंय?"

"मान खाली ठेव," नन्यारो म्हणाला. "वारुळामागे खालचे ठिपके आहेत. दबा धरलाय. हिला काही झालेलं नाही."

किमारो शेजारी येऊन उभा राहिला; त्यालाही कळलं.

"म्हणजे आम्हाला चकवायला बॉनेट उघडलं तुम्ही," गिडिओन दबक्या आवाजात म्हणाला. "माझी माणसं कालपासून ठिपके ठिपके करतायत, आणि मी त्यांना सांगितलं, थांबा, माझे दाजी अडकलेत."

"काल काय झालं ते तूही पाहिलंस."

"पाहिलं. मग तसं म्हणायचं होतं. थांब म्हटलं असतंत तर मी थांबलो नसतो?"

"तू थांबला असतास. बाकीचे?"

"मला विचारू नका," किमारो म्हणाला. "मी नसतो थांबलो. पण आता आलोच आहे, तर पाना घ्या हातात. काहीतरी करतोय असं दिसायला हवं."

तिघेही इंजिनात डोकी घालून उभे राहिले. मागच्या गाड्यांतून पाहुण्यांची कुरबुर ऐकू येऊ लागली. कुणी मंदाझी, इथले तळलेले गोड पाव, खात होतं, कुणी उजवीकडच्या पक्ष्याचे फोटो काढत होतं. नन्यारो सैल न झालेला बोल्ट पुन्हा पुन्हा आवळत राहिला. त्याला वळून बघायचं होतं आणि वळायचं नव्हतं. हरणं पुन्हा चरायला लागली की नाहीत, हे त्याला त्यांच्या शेपट्यांवरून समजलं असतं. पण इथून त्याला फक्त सिगरून बाईंचा चेहरा दिसत होता.

तो चेहरा एकदम ताठ झाला.

गवत फाटल्यासारखा आवाज आला. कळपाच्या टापा, धूळ, मग पुन्हा शांतता. मागे सगळे उठून उभे राहिले. "काय झालं?" "कुठे?" किमारोने हात उंचावून त्यांना बसायला सांगितलं. धुळीपलीकडे काहीच दिसत नव्हतं. साधलं की निसटलं, हे कुणालाच सांगता येईना. गिडिओनने दोरखंड मुठीत आवळला होता.

मग पाखरासारखी एक बारीक शीळ आली. थांबून पुन्हा आली. चित्तीण पिल्लांना अशी हाक मारते, ती शिकारीपाशी बोलावताना. वारुळाच्या सावलीतून पिल्लं धडपडत निघाली आणि गवतात शिरली.

"साधलं बाबा एकदाचं," किमारो म्हणाला आणि त्याने बॉनेट खाली घेतलं.

नन्यारोने गिडिओनकडे पाहिलं. "आता तुझ्या माणसांना आण. मी पुढे सरकतो. ती खात असताना पळत नाही."

"आणतो." गिडिओनने दोरखंड गुंडाळला. "एक सांगा, दाजी. पुढच्या वेळी गाडी खरंच बंद पडली, तर रेडिओवर काय सांगाल?"

उत्तराची वाट न पाहता तो आपल्या गाडीकडे चालू लागला.

दुरुस्त झालेल्या गाडीमागे, ती धड चालते की नाही हे पाहायला, पुढच्या फाट्यापर्यंत कुणीतरी जायचं, हीदेखील रीतच होती. नन्यारोने इंजिन सुरू केलं. ते पहिल्याच किल्लीला लागलं. मागे सिगरून बाई काहीतरी आनंदाने सांगत होत्या आणि तो मान हलवत होता. गिडिओनची गाडी मागे येते का, हे मात्र तो फाटा येईपर्यंत आरशात बघत राहिला. मागे धूळ होती ती त्याच्याच गाडीची.