बिगी नको

पावनीला ती जुनी जावा मोटारसायकल हवी होती. सरळच सांगायचं तर लग्नात मिळालेल्या पाटल्यांपेक्षा जास्त हवी होती. साताऱ्यात मामाची बुलेट दामटत वाढलेली पोरगी ती. म्हैसूरच्या अग्रहारात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या या मराठी घरात सून म्हणून पाऊल टाकलं, तेव्हा देवघराआधी तिची नजर गेली ती ओसरीवरच्या लाल टाकीकडे.

गाडी सासऱ्यांची, चिदंबररावांची. हल्ली त्यांचे हात थरथरत. त्यांचा मुलगा, म्हणजे पावनीचा नवरा प्रद्युम्न, लॅपटॉपच्या झाकणापलीकडे कशाला हात लावत नसे. म्हणून मेटगळ्ळीचे मालोजीराव, जुन्या गाड्यांचे शौकीन, रविवारी येऊन जावा घेऊन जाणार होते.

"अप्पा, मला द्या ना," पावनी एकदा धीर करून म्हणाली.

"चालवायला कुणालाही येतं गा. सांभाळायला येतं का?" चिदंबररावांनी तिला नखशिखांत न्याहाळलं. "मेकॅनिक पिस्टनच्या रिंगा बदलून गेलाय. इंजिनाच्या हेडचे चार नट आवळायचे राहिलेत. ते नीट आवळ, मालोजींना नको म्हणतो."

शनिवारी सकाळी दोघं ओसरीवर बसली. पावनीच्या हातात पाना. चिदंबरराव सांगत होते: एक नट थोडासा, मग त्याच्या समोरचा तिरपा, मग उरलेले दोन, आणि पुन्हा पहिला. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतात तसं, सगळीकडून सारखं. दोन फेऱ्या झकास झाल्या. म्हातारा मान डोलवायला लागला. पावनीला आत उकळ्या फुटत होत्या.

तिसऱ्या फेरीत चिदंबरराव म्हणाले, "बिगी नको."

घाई नको म्हणतायत, पावनीला वाटलं. बिगीबिगी म्हणजे लगबगीनं, हे साताऱ्यात शेंबडं पोरही सांगेल. तिनं वेग कमी केला, दोन्ही हातांनी पाना धरला आणि सावकाश रेटला.

"बिगी नको म्हणतो ना!"

बाई गं, अजून किती सावकाश? तिनं श्वास रोखला, अंगाचा सगळा भार टाकला आणि गोगलगाईला लाजवेल इतक्या हळू पाना ओढला.

"बिगी नको! साकु!"

साकु म्हणजे पुरे, एवढं कन्नड ती जेवताना शिकली होती. पण तोवर कट् झालं आणि नट मोकळाच फिरायला लागला. आटे गेले.

"अय्यो! तुझ्या डोक्याचे आटे ढिले झालेत का?" चिदंबरराव कडाडले. "बिगी नको, बिगी नको, घसा फुटेस्तोवर ओरडतोय!"

"मग मी हळूच करत होते की!" पावनीही तडकली.

"हळू? हळू कोण म्हणालं?"

"बिगी म्हणजे घाई!"

"बिगी म्हणजे घट्ट!"

कॉफी घेऊन आलेल्या सीतालक्ष्मीबाई दारातच थबकल्या. "अहो, घट्टला बिगी म्हणतात ते कन्नडात."

"कन्नड कसलं? माझे आजोबा म्हणायचे!"

"त्यांनी तरी कुठून आणलं?" म्हणत सीतालक्ष्मीबाई पदरात तोंड घालून हसत सुटल्या. दुसरं कुणी हसलं नाही. पावनीनं पाना खाली ठेवला. गाडी गेली, एवढंच तिला कळत होतं, आणि रडू आवरत नव्हतं.

चिदंबररावांनी फोन लावला.

"मालोजीराव, उद्या येऊ नका हं. आटे गेलेत... अय्यो, तुम्ही दुरुस्त करून घ्याल, माहितीय. पण अर्धं सुनेच्या हातानं मोडलंय, अर्धं माझ्या जिभेनं. घरच्यांनी मोडलंय, घरच्यांनीच नीट करायला पाहिजे, अल्वा, खरं ना?"

फोन खिशात टाकून ते पुन्हा पाटावर टेकले. पावनी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"बघतेस काय? उरलेले तीन काढ," ते म्हणाले. "नट ज्यावर फिरतो तो स्टड नवा बसवून आणू. आवळायचे परत तूच."