गाभडलेल्या शेळ्या: शून्य

अकरावी शेळी गाभडली, तेव्हा सुईण दार न वाजवताच मॅनेजरच्या खोलीत शिरली. सुईण म्हणजे बायकांची नव्हे, शेळ्यांची. आठशे शेळ्यांच्या त्या दूधकेंद्रात अडलेलं करडू सोडवायचं काम तिचं, म्हणून सगळे तिला त्याच नावाने हाक मारत.

"साहेब, आठ दिवसांत अकरा. सगळ्यांचे दिवस भरत आलेले. हा कसला तरी रोग आहे. सरकारी डॉक्टरांना बोलवा."

मॅनेजरने चष्मा काढून पुसला. "तू सुईण आहेस की शास्त्रज्ञ? शेळ्या खातायत, दूध देतायत. उन्हाने टाकली असतील करडं. बाहेर ब्रसुद्धा काढायचा नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मग हातमोजे तरी द्या."

"ते पाहणीला येणाऱ्यांसाठी आहेत," तो म्हणाला, आणि कपाटाचं कुलूप एकदा ओढून बघितलं.

ती परत शेडमध्ये गेली. मेलेलं करडू, त्याच्यामागून पडलेली वार, रक्ताने चिकटलेला पेंढा, सगळं फावड्याने ओढून मागच्या उकिरड्यावर टाकायचा हुकूम होता. वरचा थर वाळला की वारा त्याची धूळ उचलायचा आणि जिथे बसून कामगार जेवत त्या छपराखाली आणून टाकायचा. पंधरा दिवसांत आकडा साठावर गेला. सहा कामगार तापाने आडवे झाले. सुईण स्वतः चार दिवस फणफणली. हवा बदललीय, म्हणाले सगळे. पाचव्या दिवशी ती कामावर उभी.

घरी दोन खोल्यांत ती, धाकटी बहीण आणि धाकटीचा नवरा. धाकटीला सातवा महिना. सहा वर्षं वाट पाहिल्यावर आलेला. तरी स्वस्थ बसायची नाही. "ताई, तू दिवसभर वाकलेली असतेस, कपडे मला दे," म्हणायची, अंगणात नेऊन खडखडून झटकायची आणि मग भिजत घालायची.

धाकटीला एका सोमवारी ताप भरला. गुरुवारी कळा सुरू झाल्या. शुक्रवारी सकाळी दवाखान्यात मुलगी झाली. रडली नाही, हललीही नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरने कागद भरता भरता विचारलं, "घरात जनावरं पाळता का?"

"नाही," धाकटीचा नवरा म्हणाला.

भिंतीला टेकलेली सुईण ताडकन सरळ झाली. घरात नव्हती जनावरं. पण त्यांची धूळ रोज संध्याकाळी तिच्या कपड्यांवर बसून यायची. ती पायऱ्या उतरली आणि तडक सरकारी पशुवैद्यकीय कचेरीत गेली.

तिथली डॉक्टरीणबाई तरुण होती. सगळं ऐकून होईपर्यंत तिने पेन खाली ठेवलं होतं.

"शेळी आजारी दिसत नाही, नुसती गाभडते. पण वारेत जंतू कोटींनी असतात. वाळले तरी मरत नाहीत, धुळीबरोबर उडतात. श्वासातून माणसात शिरतात. कुणाला ताप येतो, कुणाला न्यूमोनिया होतो. आणि पोटुशी बाई असली तर..." तिने मग एक तक्ता काढून पुढे सरकवला. "तुमच्या केंद्राचा मागच्या महिन्याचा. वाचा."

गाभडलेल्या शेळ्या: शून्य. खाली मॅनेजरची सही.

सुईणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "साठ करडं मी या हातांनी काढलीत! शून्य कशी?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई पथक घेऊन केंद्रावर आली. नमुने घेतले, केंद्राच्या फायली मागितल्या. मॅनेजर आधी हसला, मग घामाघूम झाला. तिसऱ्या फायलीत एका खाजगी प्रयोगशाळेचा अहवाल सापडला. रोगाचं नाव, शिक्का, सगळं जागच्या जागी. तारीख अकराव्या शेळीच्या दोन दिवस आधीची.

दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर दारात उभा होता. तो तारीख ऐकून मॅनेजरला म्हणाला, "आत्ता कळलं. म्हणून त्याच दिवशी घाईघाईने सूनबाईंना माहेरी सोडायला लावलंत मला. चौथा महिना आहे ना त्यांना?"



"तुमच्या सुनेला गाडी," सुईण म्हणाली, "आणि आमच्या घरात धूळ?"

"मी नोकरमाणूस. मालक म्हणाले, हंगाम संपेपर्यंत थांब—"

"चष्मा पुसत होतात! मी समोर उभी राहून सांगत होते, आणि तुम्ही चष्मा पुसत होतात!"

तिने कोपऱ्यातलं फावडं उचललं. मॅनेजर खुर्चीसकट मागे सरकला. पण घाव पडला तो हातमोज्यांच्या कपाटावर. दुसऱ्या घावाला कुलूप निखळलं. तिने खोकी बाहेर अंगणात फेकली आणि ओरडली, "घ्या रे! पाहणीला लोक आलेत!"

धाकटीला तिने त्याच संध्याकाळी खरं ते सांगितलं.

"रोग आहे हे तुला ठाऊक होतं?" धाकटीने विचारलं.

"रोग आहे ते ठाऊक होतं. माणसाला होतो, घरी येतो, हे नव्हतं गं."

"तरी हातमोजे मागितलेस. स्वतःच्या हातांसाठी. आणि तेच कपडे मला दिलेस."

 धाकटीने पाठ फिरवली ती तीन आठवडे.

त्या तीन आठवड्यांत केंद्राला टाळं लागलं. गाभण शेळ्या मारायचा हुकूम आला. सुई टोचताना शेळ्या बिथरू नयेत म्हणून सुईण एकेकीचं तोंड धरून बसली, दोनशे चाळीस वेळा, दात-ओठ खात. मालकाने वर्तमानपत्रात सांगितलं, कामगारांच्या अस्वच्छतेमुळे रोग पसरला. चोराच्या उलट्या बोंबा! काम गेलेले सोबती मात्र मालकाला सोडून तिलाच बोल लावत होते.

चौकशीच्या दिवशी ती चपला घालत होती, तेव्हा धाकटी पदर खोचून बाहेर आली. "मीही येते. तुला माफ केलंय असं समजू नकोस."

चौकशीत मालकाचा वकील म्हणाला, "त्यांच्या नुकसानीबद्दल वाईट वाटतं. पण मूल जिवंत जन्मलंच नव्हतं, तेव्हा—"

धाकटी उठली. "अकराशे ग्रॅम वजन होतं तिचं. डोक्यावर दाट केस होते. डावी मूठ मिटलेली होती, मी उघडून पाहिली. हे लिहा आधी. मग यांना काय बोलायचंय ते बोलू द्या."

अधिकाऱ्याने वकिलाला हाताने थांबवलं आणि लिहून घेतलं. केंद्राचा परवाना रद्द झाला. मॅनेजर आणि मालक, दोघांवर रोग दडवल्याचा खटला उभा राहिला. मालक आठवड्याभरात जामिनावर सुटला.

ते कळलं त्या दिवशी धाकटीने हातातलं भांडं भिंतीवर फेकलं. भांडं गडगडत सुईणीच्या पायाशी आलं. तिने ते उचललं, धाकटीच्या हातात परत दिलं आणि म्हणाली, "अजून एकदा."

धाकटीने पुन्हा फेकलं. दोघींनी आळीपाळीने फेकलं, शेजारी दारात जमेपर्यंत.