चारशे बारा नंबरचा क्रेट

तिनं संगणकाच्या पडद्यावर नखानं टकटक केलं. ठिपका करडाच राहिला.

"काचेवर टिचक्या मारून उठणारे का तो?" साहेब हसले. "त्र्याण्णव दिवस नाचला, थांबला एकदाचा. जा, घेऊन या. उद्या मोजणी आहे."

ती हसली नाही. काल दुपारपासून करडा होता.

पुठ्ठ्याची खोकी बंद होऊन टोमॅटोला हे प्लास्टिकचे क्रेट आले, तेव्हापासून तिचं काम एकच: भरून गेलेला प्रत्येक क्रेट रिकामा होऊन परत आला पाहिजे. प्रत्येकाच्या बुडाशी चिप. हलला की ठिपका हिरवा, थांबला की करडा. चारशे बाराची तेवढी तऱ्हाच न्यारी. वस्तीच्या टोकाच्या एकाच घरात अडकलेला, आणि तरी हिरवा. चालतोय, चालतोय, पोचत कुठेच नाही. ऑफिसात त्याला सगळे 'भुताचा क्रेट' म्हणत.

तिनं पहिल्याच आठवड्यात जाऊन ते भूत पाहिलं होतं. वाशाला दोन दोऱ्या, दोऱ्यांना क्रेट, क्रेटात जुन्या साडीची घडी, आणि घडीत ओंजळीएवढं बाळ, दिवस भरायच्या आधीच आलेलं. टोमॅटो भरणारी त्याची आई, पोरच ती, रडली नव्हती, हात जोडले नव्हते. दोरी न सोडता एवढंच म्हणाली होती, "ताई, जरा अंग धरू दे त्याला. मग देते."

वहीत तिनं लिहिलं, 'वसुली चालू आहे.' तेव्हापासून रोज सकाळी खांद्यावरची पर्स उतरवायच्या आधी ती चारशे बारा बघायची. हिरवा, म्हणजे जागं आहे. तास-दीड तास करडा, म्हणजे झोपलं. पुन्हा हिरवा.

काल दुपारपासून आज सकाळपर्यंत. एवढा वेळ कुठलं बाळ झोपतं?

पोरीला फोन दोनदा लावला. बंद.

टक्केमामांनी बॅटरीची तीनचाकी दाराशी आणली. गाडीत किती चार्जिंग उरलंय ते दर दहा मिनिटांनी सांगायची सवय, त्यावरून हे नाव. "त्रेसष्ट टक्के," ते म्हणाले. "आरामात जाऊन येऊ."

"मामा, जरा जोरात घ्या."

"जोरात घेतली की टक्के पळतात, ताई. ही काही डिझेलची नाही."

तिनं पर्सची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली. गाडीला आवाज नव्हता, त्यामुळे ती चेनच तेवढी ऐकू येत होती. मामांनी आरशात तिच्याकडे एकदा पाहिलं आणि वेग वाढवला. त्यानंतर वाटभर त्यांनी टक्के सांगितले नाहीत.

दार उघडं होतं. अंगणात क्रेट धुऊन पालथा घातलेला, त्यावर दोऱ्यांची नीट घडी. आत वासा मोकळा. तिच्याही घरी छताला पाळण्यासाठी ठोकलेला एक हुक होता. त्याला कपड्यांची दोरी बांधलेली. ती उंबऱ्याशीच थांबली. 

"अगंबाई, ताई?" मागच्या दारानं ती पोर आली. खांद्यावर बाळ, मान वळवून बघणारं. "फोनच करणार होते, पण चार्जर बिघडलाय. अहो, कालपासून ह्याचे पाय क्रेटला टेकायला लागले. नुसता लाथा झाडतोय. शेवटी सतरंजीवर टाकला, तर तिथं गपगार झोपला, मेला."

"असं बोलू नये!"

ती एवढ्या जोरात बोलली की बाळ दचकलं. पोरही चमकली. मग तिचा चेहरा बघून पोरीनं बाळच पुढं केलं.

"घेऊन बघा की."

तिनं घेतलं. गालफडं भरली होती, मांडीला वळी पडली होती. तिनं त्याला दोनदा उचलून अंदाज घेतला.

"धरलंय अंग," ती म्हणाली.

"मग! देते म्हटलं होतं ना? न्या आता."

परतीला मामा म्हणाले, "मागं टाका की तो. अख्खी गाडी मोकळी आहे."

"असू दे." क्रेट तिच्या मांडीवर होता.

अर्ध्या वाटेत गाडी चार्जिंगला लावावी लागली. "अकरा टक्के," मामा म्हणाले आणि तिच्याकडे न बघता चहा आणायला गेले. ती गाडीतच बसून राहिली.

साहेबांचा फोन आला. "कुठवर आलात?"

"चार्जिंगला थांबलोय. होतील वीस मिनिटं."

"थांबलाय? आणि क्रेट कुठंय?"

"माझ्याजवळच आहे."

"मग हा अजून हिरवा कसा काय?"

तिनं खाली पाहिलं. तिचे गुडघे संथ झुलत होते, आणि त्यांवर क्रेट.