दोन तुटक्या पट्ट्या

भावोजींनी तडकलेली पट्टी तिच्या पुढ्यात टाकली आणि म्हणाले, "घे, शोभेला ठेव घरात. मागची आहेच. जोडी जमली."

दुसऱ्यांदा नापास. बॉयलरच्या कारखान्यात वेल्डर म्हणून शिरायचं तर आधी ही परीक्षा: जाड पोलादाचे दोन तुकडे जोडायचे, मग तो जोड यंत्रात घालून वाकवायचा. वाकला तर नोकरी, तडकला तर घरचा रस्ता. आणि परीक्षा घेणारा कोण, तर सख्ख्या बहिणीचा नवरा. इतकी वर्षं गेटं नि ग्रिलं जोडून या बाईच्या हातांवर ठिणग्यांचे डागच डाग पडले होते, पण भावोजींच्या लेखी ती नुसती 'गेटवाली'. नावाने हाक मारली तर त्यांची जीभ झिजली असती.

"नाद सोड गं," ताई फोनवर म्हणाली. "हे घरी येऊन हसतात, मला ऐकवत नाही."

ऐकवत नाही तर नवऱ्याला सांग की, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ताईने लग्नापासून तोंडाला कुलूपच घातलेलं, तिच्याशी काय डोकं फोडायचं.

पट्ट्या मात्र तिने खरंच नेल्या. गेटच्या दुकानात काम उरकलं की तुटकी टोकं घासायची, पुन्हा जोडायची, हातोड्याने वाकवून बघायची. तडकली. करंट कमी केला, तडकली. रॉड बदलला, तरी तेच. एके संध्याकाळी वैतागून ती लालबुंद पट्टी तशीच टाकून घरी गेली. सकाळी येऊन घाव घातला, तर पट्टी गरीब गाईसारखी वाकली.

तिने कपाळावर हात मारला. गेटच्या धंद्यात दम कुणाला असतो? जोड झाला की चिमट्याने उचलायचा, बादलीत बुडवायचा, चर्र झालं की पुढचा घ्यायचा. पातळ ग्रिलाला ते चालतं. हे जाड पोलाद तसं बुडवलं की ठिसूळ होतं. दोन्ही परीक्षांत तिने सवयीने हेच केलं होतं, भावोजींच्या डोळ्यांदेखत.

तिसऱ्या परीक्षेत जोड पुरा झाला तसे भावोजी म्हणाले, "चल, बुडव लवकर. मला जेवायचंय."

"जेवून या. तोवर निवेल आपोआप."

त्यांनी पायाने बादली तिच्याकडे सरकवली. ती जागची हलली नाही. मग तेही हलले नाहीत, जेवायलाही गेले नाहीत.

निवलेली पट्टी यंत्रात पार दुमडली. भावोजींनी भिंग लावलं, नखाने खरवडून पाहिलं. तडा नव्हता.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"न माहीत असायला काय झालं? जन्म गेला यात."

"आणि दोनदा नुसते बघत उभे राहिलात?"

"शिकवणी लावली होतीस माझ्याकडे? मला तू इथे नकोच होतीस." त्यांनी परीक्षेच्या कागदावर सही ओढून तो तिच्यापुढे टाकला. "सोमवारपासून माझ्याच हाताखाली आहेस, गेटवाले. बघू किती टिकतेस."

संतापाने तिचे कान तापले. हा कागद याच्या तोंडावर फेकावा आणि चालू पडावं, असं क्षणभर वाटलं. तिने कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

"बॉयलरच्या पाइपांची वरची परीक्षा कोण घेतं?"

"मीच. पण तिथवर पोचायला वर्षं जातात. आणि मी काही सांगणार नाही."

"नका सांगू," ती म्हणाली. "तुम्ही कुठे गप्प बसता, तेवढं बघत राहीन. चूक तिथेच असते."