कोपरावरचं ठिगळ

इंग्लंडात यंत्रवेड्या माणसाला ‘ॲनोरॅक’ म्हणतात. ॲनोरॅक म्हणजे खरं तर वारा अडवणारं, टोपीचं जाकीट. ते नाव माणसांना कसं चिकटलं यावर लोक हौसेने वाद घालतात. घालू देत. आमच्या घरात ते कुठून शिरलं हे मला पक्कं माहीत आहे, आणि त्या रिकी डेलला मी आजही माफ केलेलं नाही.

आमच्या वॉल्टनच्या किनाऱ्यापासून दूर, सरकारचा हात पोचणार नाही इतक्या दूर, एक गंजकं जहाज नांगर टाकून उभं असे. त्यावरून चोरटं रेडिओ केंद्र चाले. माझा धाकटा भाऊ क्लाइव्ह त्यापायी पार खुळावला होता. गाण्यांशी त्याला देणंघेणं नव्हतं. त्याचा जीव जहाजावरच्या उंच मनोऱ्यात आणि प्रक्षेपणाच्या यंत्रात अडकलेला. दर शनिवारी त्याच्यासारखेच चार खुळे वर्गणी काढून मच्छीमाराची होडी ठरवत आणि जहाजावरच्यांना पाव, चहा, वर्तमानपत्रं पोचवून येत. क्लाइव्ह आईने भाजलेला केकही नेई.

बाबा गेल्यापासून आई हसायची विसरली होती. दिवसभर तेच केंद्र लावून खिडकीशी बसायची. एकदा तरी आपलं नाव रेडिओवर यावं, एवढी एकच हौस तिला उरली होती.

मग केंद्र बंद पडलं. यंत्राचा व्हॉल्व्ह, म्हणजे आतली दिव्यासारखी काचेची नळी, जळाला होता. क्लाइव्हने कुठून कुठून शोधून तसाच दुसरा मिळवला आणि खवळलेल्या समुद्रातून, जाकिटाच्या आत छातीशी धरून, ओकत ओकत जहाजावर नेला. बदल्यात एकच मागितलं: उद्या आईचं नाव घ्या. निवेदक रिकी डेलने शब्द दिला.

रविवारी आम्ही तिघं स्वयंपाकघरात रेडिओभोवती बसलो. यंत्र उत्तम चाललं होतं, आवाज अगदी खणखणीत.

“काल एक ॲनोरॅक आला होता बरं का मंडळी,” रिकी म्हणाला. “आत माणूस आहे की नाही कळेना, नुसतं जाकीटच चालत आलं. आणि आमच्या यंत्राकडे असं बघत होतं, जसा नवरा नव्या नवरीकडे.”

आई हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

“कोण रे हे ध्यान?” तिने क्लाइव्हला विचारलं.

“असतात गं आई एकेक,” तो म्हणाला. तोही हसत होता. मला मात्र तो रेडिओ उचलून भिंतीवर आपटावासा वाटत होता.

“आणि कोपराला काय,” रिकी पुढे म्हणाला, “तर पिवळ्या फुलांच्या पडद्याचं ठिगळ!”

आईचं हसू थांबलं. तिने क्लाइव्हकडे पाहिलं नाही. खिडकीवरच्या पिवळ्या फुलांच्या पडद्याकडे पाहिलं. ठिगळ तिनेच लावलं होतं.

“आता हे गाणं वॉल्टनच्या एडना पास्क यांच्यासाठी,” रेडिओ म्हणाला.

“आई, तुझं नाव आलं बघ,” क्लाइव्ह म्हणाला.

“ऐकलं,” आई म्हणाली, आणि तिने रेडिओ बंद केला.

पुढच्या शनिवारी क्लाइव्हने खुंटीवरून जाकीट काढलं. आईने ते ठिगळ उसवून निळ्यावर निळं कापड इतकं बेमालूम शिवलं होतं की बोट फिरवूनही शिवण लागत नव्हती.

“घाल,” ती म्हणाली, “आता कोणी ओळखणार नाही तुला.”

केक मात्र तिने भाजला नव्हता. क्लाइव्ह क्षणभर रिकाम्या ओट्याकडे बघत राहिला. मग जाकीट चढवून होडीवर गेला.