कॅफर्टीची पाटी

क्लेमची पाठ खडकावर आपटली तेव्हा लिओनी पाटीवर कांदा चिरत होती.

ही पाटी रस्त्यावरची. जाड लाकडाची, वर कोरून पांढरी केलेली अक्षरं: कॅफर्टी बीच, आणि डावीकडे जाणारा बाण. तोंड खाली करून दोन दगडांच्या चळतींवर टाकली की झकास टेबल व्हायचं. तिचा खांब सोमवारीच चुलीत गेला होता. म्हाताऱ्या मर्वनं तो करवतीनं कापला, क्लेमनं, म्हणजे लिओनीच्या नवऱ्यानं, खांद्यावर टाकून आणला, आणि तिनं त्याच्या निखाऱ्यांवर मटणाच्या चापा भाजल्या. तिघं पोटभर जेवले आणि पोटभर हसले. तेव्हा कोण जास्त गुन्हेगार आणि कोण कमी, हे ठरवायची सोय नव्हती.

कौन्सिलनं लावलेली ही चौथी पाटी. पहिली समुद्रात गेली, दुसरी संडासाचं दार झाली, तिसरीचं काय झालं ते मर्वला ठाऊक. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसं इथल्या माणसांनी या किनाऱ्याचं नाव घ्यायचं नाही, असा रिवाज. नुसतं 'तिकडं' म्हणायचं. तिकडं लाट कशी आहे, तिकडं वारा काय म्हणतो. परका कुणी विचारायला आला तर तोंड वेडंवाकडं करून सांगायचं, छे, इथं कुठली लाट, शेवाळ आणि माश्या आहेत नुसत्या. माश्यांचं तेवढं खरं होतं.

आणि जपायचं काय, तर खड्ड्याचे दोन संडास, पावसाच्या पाण्याची एक गंजकी टाकी, वारा अडवायला रचलेले दगडांचे आडोसे, पाठीमागे वाळूच्या टेकड्या, आणि पुढं ती लाट. लांबलचक, डावीकडं उलगडत जाणारी, फळीवर उभं राहून स्वार व्हावी अशी. ती लाट जणू यांच्या आजोबांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलेली. गोरे येण्याआधी ज्यांची ही जमीन खरोखर होती त्यांचं नाव तर कुणी कुठल्याच पाटीवर लिहिलं नव्हतं, पण तो विषय चुलीपाशी कधी निघत नसे.

तर मर्व पळत येताना दिसला. सत्तरीतला मर्व पळत नाही. संडासाला आग लागली असती तरी तो चालतच गेला असता. लिओनीच्या हातातली सुरी तिथंच थांबली.

"क्लेम," तो म्हणाला. "आडव्या खडकावर पडला. पाठीवर."

"जिता आहे ना?"

"शिव्या देतोय. पण लिओनी, पाय कळत नाहीत म्हणतो."

पाण्याच्या कडेला, लाटेवर त्याच्यासोबत असलेल्या दोघा पोरांनी क्लेमला त्याच्याच फळीवर धरून ठेवलं होतं. त्याची फळी शेपटापाशी मोडली होती. एकजण त्याचं डोकं दोन्ही तळव्यांत धरून गुडघ्यांवर बसला होता. क्लेमचा चेहरा ओल्या वाळूच्या रंगाचा झालेला.

"हलवू नका मला," क्लेम म्हणाला. "कोणी शहाणपणा करून गाडीत घालू नका. त्या रस्त्यावर घातलंत तर उरलीसुरली पाठ पण जाईल. अँब्युलन्सला फोन करा."

हे तो अंदाजानं बोलत नव्हता. पोर्ट हॅलमची अँब्युलन्स आठवड्यातून तीन दिवस तोच चालवायचा, बिनपगारी, गावातल्या चारपाच जणांसारखा. डोळे मिटून इथं गाडी आणू शकेल असा सगळ्या तालुक्यात एकच माणूस, आणि तो वाळूत उताणा पडला होता.

"आज ड्युटीवर कोण आहे?" लिओनीनं विचारलं.

"ईस्टरच्या सुट्टीसाठी शहरातून दोघं पाठवलेत. बदली." क्लेमनं डोळे मिटले. "त्यांना मी काल चहा पाजला. पोरं बरी आहेत."

लिओनी टेकडी चढली. फोनला रेंज फक्त संडासामागच्या टेकडीच्या माथ्यावर, तीही वारा दयेवर आला तर. पाय वाळूत रुतत होते, माश्या डोळ्यांत शिरत होत्या. पलीकडची बाई शांतपणे एकेक प्रश्न विचारत होती आणि लिओनीला तिच्या शांतपणाचा राग येत होता. वय किती, श्वास चालू आहे का, हातपाय हलतात का. मग बाई म्हणाली, "पत्ता सांगा."

"कॅफर्टी बीच. पोर्ट हॅलमहून पश्चिमेला. धान्याच्या उंच कोठारांपाशी कच्च्या रस्त्याला लागायचं. पुढं फाटा येतो. तिथं पाटी आहे, डावीकडं बाण दाखवलेली. तिथं डावीकडं."

"पाटी पाहून डावीकडं," बाई लिहून घेत म्हणाली. "गाडी निघतेय. कुणाला तरी रस्त्यावर..."

आणि रेंज गेली.

लिओनी फोन कानाला तसाच धरून उभी राहिली. वरून खालचा तळ सगळा दिसत होता. त्यांचा तंबू, धुराची रेघ, आणि दगडांवर तोंड खाली करून टाकलेली पाटी, तिच्यावर अर्धा चिरलेला कांदा.

स्वतःच्या जिभेनं तिनं अँब्युलन्सला नसलेल्या पाटीकडं पाठवलं होतं. वर्षानुवर्षं परक्यांना खोटा रस्ता सांगितला, आणि खरा सांगायची वेळ आली तेव्हा तोच खोटा ठरला. तिनं फोन चारही दिशांना धरला, डोक्यावर धरला. काही नाही.

फाट्यावर पाटी नसेल तर माणूस सरळच जातो. सरळ रस्ता रुंद, खडीचा, रोज वापरातला वाटणारा. तो जातो ड्रमंडच्या मोडक्या धक्क्यावर, चाळीस किलोमीटर, जिथं किनाऱ्यावर लोळणाऱ्या सील प्राण्यांच्या वासाशिवाय काही नाही. डावीकडची वाट दोन झुडपांच्या मधून शिरते. ती झुडपं क्लेमनंच मुद्दाम वाढू दिली होती.

ती खाली आली, कांदा हातानं झटकून टाकला आणि पाटी उचलली.

"कुठं निघालीस?" मर्वनं विचारलं.

"तुझं टेबल परत करायला."

"लिओनी, मी तुला एकटीला..."

"तू त्याच्यापाशी थांब, मर्व. त्याच्याशी बोलत राहा. खांब कापताना किती हसलो ते सांग त्याला. त्याला आवडेल."

मर्व पाण्याकडं वळला. त्याला बोलायला तोंड नव्हतं, तसं तिलाही नव्हतं, पण रागाला तोंड लागत नाही.

पिकअपमध्ये पाटी शेजारच्या सीटवर उभी करून तिनं गाडी हाणली. रस्ता छपराच्या पत्र्यासारखा पन्हाळीपन्हाळीचा. स्टिअरिंग हातांत थडथडत होतं, दात एकमेकांवर आपटत होते. याच रस्त्यावरून त्याला न्यायचं. ती हळू झाली, मग पुन्हा जोरात निघाली, मग पुन्हा हळू. लवकर पोहोचायचं होतं, आणि टायर फुटला तर सगळंच संपलं. कांद्याच्या वासानं डोळे चुरचुरत होते. कांद्याच्याच.

फाट्यावर कुणी नव्हतं. कापलेल्या खांबाचा बुंधा वाळूतून वीतभर वर आला होता, ताज्या लाकडाचा पिवळा. धुळीवर टायरच्या खुणा होत्या, पण कुणाच्या आणि कधीच्या, ते कोण सांगणार. लिओनीनं पाटी छातीशी धरली आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. बाण डावीकडं. थोडा वेळ उभी राहिली. मग चालायला लागली, इकडून तिकडं, पाटी घेऊन. मग वाटलं आपण हललो तर बाणही हलेल, म्हणून परत उभी. अँब्युलन्स यायची असेल तर पूर्वेकडून येईल. आली असेल तर? एव्हाना पुढं गेली असेल तर? पिकअप घेऊन ड्रमंडकडं सुटावं, तर तेवढ्यात ती इथं येऊन पुढं जायची.

धूळ दिसली. ड्रमंडच्याच बाजूनं. पिवळी व्हॅन, टपावर बांधलेल्या फळ्या. ती व्हॅन लिओनीच्या ओळखीची होती.

लिओनी गावाबाहेरच्या पेट्रोल पंपावरच्या खाणावळीत काम करायची. काल सकाळी हीच व्हॅन तिथं थांबली होती. दाढीवाला पोरगा आणि डोक्याला रुमाल बांधलेली पोरगी. पोरीनं विचारलं होतं, काकू, कॅफर्टी नावाचा किनारा कुठं आहे? लिओनीनं त्यांच्यापुढं गरम चहा ठेवत गोड आवाजात सांगितलं होतं, सरळ जा ग, कुठं वळू नका, थेट ड्रमंडपर्यंत. लाटा म्हणजे काय, वेड लागेल. आणि ती दोघं बाहेर पडल्यावर स्वयंपाकघरात जाऊन हसली होती.

व्हॅन थांबली. पोरीनं काच खाली केली. तिनं आधी पाटी पाहिली, मग लिओनीला पाहिलं, मग परत पाटी.

"वेड लागलं बरं का, काकू," ती म्हणाली. "रात्रभर सीलच्या वासात झोपलो आम्ही."

"टिली, चल," दाढीवाला म्हणाला. "हिच्याशी बोलू नकोस."

"थांब ना. मला बघायचंय, आता कुठं पाठवते."

माफी मागायला वेळ नव्हता, आणि न मागता काम होणार नव्हतं. "माझा नवरा तिकडं पडलाय," ती म्हणाली. "पाठ मोडली असेल. अँब्युलन्स येतेय. तुम्हाला वाटेत..."

पोरीचा चेहरा बदलला. "पांढरी गाडी, दिवे लावलेली? मघाशीच आमच्या समोरून गेली. ड्रमंडकडं. आम्ही बाजूला होऊन वाट दिली."

लिओनी पाटी काखेत मारून पिकअपकडं पळाली.

"ओ, तुम्ही कुठं?" टिली दार उघडून खाली उतरली होती. "ती परत फिरली आणि इथं कुणी नसलं तर? मध्ये शेतांच्या वाटा आहेत, तुमची चुकामूक झाली तर? तुम्ही पाटी धरून इथंच उभ्या राहा. ए, गाडी वळव."

"टिली, अगं ह्या बाईनं..."

"माहितेय ह्या बाईनं काय केलं. वळव."

व्हॅन वळली. दाढीवाल्यानं जाताना काचेतून मान बाहेर काढली. "काकू, हा रस्ता ड्रमंडलाच जातो ना? नाही, आपलं विचारून घेतलेलं बरं."

लिओनीनं मान डोलावली. ते टोमणे तिनं कमावलेले होते. एकेक पोटात घालण्याशिवाय इलाज नव्हता.

मग ती पाटी धरून उभी राहिली. वारा पाटीला लागला की ती एक पाऊल मागं ढकलली जायची, मग पुन्हा पुढं यायची. दोन गाड्या गेल्या, दोन्हींच्या टपांवर फळ्या. दोन्ही तिच्यासमोर हळू झाल्या, पाटी वाचली, आणि हसून डावीकडं वळल्या. एकानं हात हलवून आभार मानले. लिओनीनं पाटी खाली केली नाही. सगळा देश आला असता तरी तिनं केली नसती.

अँब्युलन्स पिवळ्या व्हॅनच्या मागोमाग धुळीतून आली तेव्हा उन्हं कलली होती. चालवणारा पोरगा घामानं भिजलेला.

"बाई, पाटी दिसली नाही आम्हाला," तो म्हणाला.

"मला माहितेय," लिओनी म्हणाली. "मागोमाग या. टेकडीनंतर हळू."

तळावर मर्व अजून क्लेमशी बोलत होता. अँब्युलन्सवाले दोघं त्याला मानेचा पट्टा बांधून, पाठीखाली स्ट्रेचर सरकवून उचलत होते तेव्हा बदलीच्या एका पोरानं क्लेमच्या तळपायांवर पेन ओढलं. डाव्या पायाला जरासं कळलं. उजव्याला काहीच नाही.

"सूज असेल," पोरगा म्हणाला. "कधीकधी काही तासांत परत येतं. कधीकधी..." आणि पुढचं त्यानं गिळलं.

लिओनी मागं क्लेमपाशी बसली. गाडी पन्हाळ्यांवरून गोगलगाईसारखी निघाली. क्लेमचं तोंड आवळलेलं, ती त्याच्या पायांकडं बघत. पांघरुणातून बाहेर आलेले दोन पाय, वाळू लागलेले, एखाद्या दुसऱ्याच माणसाचे असावेत तसे.

फाट्यावर गाडी थांबली.

"काय झालं?" क्लेमनं विचारलं. मान हलवता येत नव्हती, नुसते डोळे वर.

लिओनीनं बाजूच्या काचेतून पाहिलं. मर्व तिची पिकअप घेऊन पुढं आला होता. बुंध्याशेजारी त्यानं आणि टिलीनं खड्डा खणला होता. खांब कुठून आणणार, लाकूड तर चुलीत गेलं. त्यांनी क्लेमची मोडकी फळी उभी गाडली होती आणि दाढीवाला तिच्यावर पाटी तारेनं आवळत होता. मर्व हात वर करून उभा होता, वाट अडवून, जणू परवानगी मागत.

"मर्व पाटी लावतोय," लिओनी म्हणाली. "तुझ्या फळीवर."

मानेच्या पट्ट्यातून, अर्ध्या तोंडानं क्लेम म्हणाला, "त्याला सांग, बाण ड्रमंडकडं लाव."

लिओनीच्या डोक्यात सणक गेली. दुपारभर वाऱ्यात उभी राहिलेली ती, दुसऱ्याच्या टोमण्यांनी भाजलेली ती, आणि हा अजून त्याच मस्तीत. त्याला थोबाडीत मारायची सोय नव्हती. हाताला लागला तो पायच लागला. तिनं त्याच्या उजव्या पायाचा अंगठा दोन बोटांत धरला आणि नखं रुतेपर्यंत चिमटा काढला.

"आई गं," क्लेम ओरडला. "काय करतेस, दुखतंय ना."

बदलीचा पोरगा वळून बघायला लागला. लिओनीनं बोटं सोडली नाहीत.

"परत बोल," ती म्हणाली.

"दुखतंय म्हटलं ना."

"अजून एकदा."