मेलेल्याचा डावा पाय

"हसायचं नाही," शिलाई मशीनवरून मान वर न करता नाबोसा म्हणाली. "सिनेमा खुशाल दाखव. पण ह्यांच्या मरणावर कुणी दात काढलेले मला चालायचे नाहीत. तूसुद्धा नाही."

लुबेगा दारातच घुटमळला. "वहिनी, मारामारीचा सिनेमा आहे. लोक हसायलाच येतात. मी तोंड मिटून बसलो तर बाकं फेकून मारतील मला."

"मग नको दाखवूस."

"बरं बाई. बसतो गप्प."

लुबेगा सिनेमे काढायचाही आणि पडद्याशेजारी माइक घेऊन त्यांची टर उडवायचाही. कंपालातल्या त्या वस्तीत अशा माइकवाल्या जोकराच्या बडबडीशिवाय सिनेमा म्हणजे मिठाशिवाय कालवण. बंदुका नळाच्या पाइपच्या, हेलिकॉप्टर पुठ्ठ्याचं आणि नट शेजारपाजारचे. नाबोसाचा नवरा कायीवा आठवडाभर सायकली दुरुस्त करायचा आणि रविवारी मरायचा. नऊ सिनेमांत मिळून तो तेवीस वेळा मेला. माणसं कमी पडत, म्हणून एकदा मेलेल्याला मिशी चिकटवून पुन्हा मरायला उभं करत.

आणि इतका सराव होऊनही गड्याला एकदाही धड मरता आलं नाही. रक्त नाबोसा करायची, साखरेच्या पाकात लाल रंग कालवून. पाकाला मुंग्या लागत आणि मेलेला कायीवा डाव्या पायाने उजवी पोटरी खाजवू लागे. पुन्हा चित्रण करायचं तर पुन्हा साखर आणा, म्हणून ते तसंच ठेवलं जाई. "रडू नका मंडळी!" लुबेगा माइकवर ओरडे, "मुंगीने उठवलं त्याला!" आणि अख्खा हॉल गरजे, "पुढच्या गोळीला हजर!"

नाबोसाला मेली लाज वाटायची. "साखर कमी घालू का हो?" तिने एकदा विचारलं होतं.

"छे! मग मला ओळखणार कोण?" कायीवा म्हणाला होता.

तीन महिन्यांपूर्वी तो तापाने खरोखरच गेला. तिथल्या रीतीप्रमाणे झाडाच्या सालीच्या कापडात गुंडाळून ठेवलेल्या त्या देहाशेजारी ती दिवसभर बसली होती, नजर डाव्या पायावर. पाय हलला नाही. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

रविवारी दुपारी पत्र्याचा हॉल खच्चून भरला. नाबोसा मागच्या बाकावर बसली. मांडीवरच्या उकडलेल्या शेंगांना तिने हात लावला नाही. पडद्यावर तिनेच शिवलेला सेनापतीचा कोट आला, मग मिशी लावलेला कायीवा आला. धडाधड गोळ्या सुटल्या, तो कोसळला, शर्ट लालभडक झाला. लुबेगाने माइक मांडीवर उलटा ठेवला.

सगळ्यांना आधीच ताकीद मिळालेली. हॉलमध्ये चिडीचूप.

पडद्यावरचा डावा पाय हळूच हलला आणि पोटरी खाजवू लागला. कुणी हसलं नाही. एरवी शिट्ट्या मारणारी माणसं खाली माना घालून बसली होती, प्रार्थनेला बसावं तशी. नाबोसाला ते सोसवेना. आयुष्यभर तिचा नवरा इथे पडायचा आणि हीच माणसं त्याला हाका मारून उठवायची. आज तो पडला होता आणि कुणी हाक मारत नव्हतं. तोंडं तर तिनेच बंद केली होती.

ती उभी राहिली. शेंगा खाली सांडल्या.

"अरे, झोपलात की काय सगळे?" तिने आवाज चढवला. "साखर माझ्याच हातून जास्त पडली होती! रडू नका मंडळी, मुंगीने उठवलं त्याला!"

पुढच्या बाकावरून एक म्हातारा ओरडला, "पुढच्या गोळीला हजर!" आणि पाठोपाठ सगळा हॉल गरजला. बायका डोळे पुसत हसत होत्या. लुबेगाने माइक उचलला, पण तोंडाशी नेला नाही. त्याने तो पुढच्या माणसाच्या हातात दिला. हातोहात, डोक्यांवरून, माइक मागच्या बाकापर्यंत आला.

नाबोसाने तो दोन्ही हातांनी धरला. पडद्यावर कायीवा परत आला होता, आता बिनमिशीचा, पोलीस होऊन.

"आले बघा," ती माइकवर म्हणाली. "शर्ट तोच आहे. चांगला दोनदा धुतला होता मी, डाग काही गेला नाही."

आणि ती खाली बसली नाही. सिनेमा संपेपर्यंत बोलत राहिली.